वहिनीच्या नावावरचं घर

वकीलबाईंनी दोघींना कपाटापुढे शेजारी शेजारी उभं केलं आणि डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. मग मोठीला म्हणाल्या, "कानातलं काढा," आणि तिच्या वहिनीला म्हणाल्या, "तुम्ही लिपस्टिक पुसा. दोघी अगदी एकसारख्या दिसायला हव्यात. उद्या समोरच्या वकिलानं म्हणायला नको, की एक टापटीप होती आणि दुसरी गबाळी."

"आमच्या वन्सं गबाळ्याच आहेत हो," वहिनी ओठ पुसत म्हणाली. "त्याला कोर्ट तरी काय करणार?"

एरवी मोठीनं सव्याज परतफेड केली असती. नणंद-भावजयीचं हे असं रोजच चालायचं. पण आज तिचं लक्ष वहिनीकडे नव्हतं. राहती इमारत रस्त्यात जाणार होती आणि महिनाअखेरीला तिला आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन बाहेर पडायचं होतं. घरं बघून बघून तिच्या चपला झिजल्या होत्या. फोनवर सगळे साखर पेरायचे. आडनाव सांगितलं की घर कालच गेलेलं असायचं, नाहीतर मालकाचा पुतण्या अचानक परगावाहून राहायला येणार असायचा. या शहरातल्या घरमालकांना पुतणे आहेत तरी किती, असं आई विचारायची.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलून कुणी दाखवत नसे. ही माणसं पुलापलीकडची. त्यांची आडनावं वेगळी, घरची बोली वेगळी, देवाला हाक मारायची तऱ्हा वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या याच नदीचं पाणी प्यायलेली. तरी "पुलापलीकडचे" म्हणताना भल्याभल्यांचा आवाज खाली जायचा, घरात कुणाला वाईट आजार झाल्यासारखा.

वकीलबाई एका संस्थेत होत्या. गेल्या वर्षी त्यांनी मोठीची तक्रार कोर्टात नेली होती. न्यायाधीश माणूस सज्जन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की घर कुणाला द्यावं ही मालकाची मर्जी, आणि आडनावामुळेच नाकारलं याला पुरावा नाही. वकीलबाईंनी हाय खाल्ली नाही. त्या घरी येऊन आईसमोर बसल्या आणि समजावून सांगू लागल्या. "आपल्या देशानं सगळ्या जगासमोर एका करारावर सही केलीय. वंशावरून, जमातीवरून कुणाला घर, शाळा, नोकरी नाकारायची नाही, आणि कुणी नाकारली तर सरकारनं बघत बसायचं नाही. इथल्या सगळ्या कोर्टांनी हात वर केले, तर त्या कराराची समिती असते परदेशात, तिच्याकडे दाद मागता येते. पण समितीलाही पुरावा लागतो."

"सही केलीय ना? मग पाळत का नाहीत?" आई म्हणाली. "मी लग्नात कसलीच सही केली नव्हती, तरी ह्यांच्याशी जन्मभर नीट वागले."

"ते बाबांना विचारायला हवं होतं," मोठी म्हणाली.

पुरावा मिळवायची रीत वकीलबाईंनीच काढली. म्हणजे रीत जुनीच, बाहेरच्या देशांत पुष्कळ वापरलेली. सारख्या वयाच्या, सारख्या कामाच्या, सारख्या पगाराच्या दोन बायका एकाच घराला एकामागोमाग जातात. फरक फक्त आडनावाचा. पहिलीला "घर गेलं" म्हणाला आणि दुसरीला तेच घर दाखवलं, की झाला पुरावा.

आणि वहिनीइतकी चांगली दुसरी कुठं मिळणार होती? दोघी एकाच दातांच्या लॅबमध्ये कामाला. मोठी मागच्या खोलीत कवळ्या घडवायची. मेण, प्लास्टर, साचे आणि पॉलिशची भुकटी यांत दिवस जायचा. वहिनी पुढं काउंटरवर बसायची. मोठीला कधी पुढं बसवलं नव्हतं. तुझा हात मेणावर छान चालतो, असं मालक म्हणायचा, आणि तो खरंच चालायचा, हीच त्यातली गोम. मोठीचा धाकटा भाऊ एकदा बहिणीचा डबा द्यायला आला आणि काउंटरवरच अडकला तो अडकलाच. तो आता बोटीवर असायचा. वहिनी पुलाच्या अलीकडची, नोकरीत माहेरचंच आडनाव लावायची आणि बापाच्या माडीवर राहायची. जावई वर्षातला बराच काळ समुद्रावर असतो म्हणून बापाला तो चालत होता. विहीणबाईंना, म्हणजे मोठीच्या आईला, मात्र त्या घरात अजून चहाला बोलावलं नव्हतं.

"नियम लक्षात ठेवा," वकीलबाई म्हणाल्या. "वाद घालायचा नाही. गयावया करायची नाही. मला येऊन सांगेपर्यंत एकमेकींशी चकार शब्द बोलायचा नाही. आणि वहिनी, तुम्हाला घर देऊ केलं तर 'कळवते' म्हणायचं आणि बाहेर पडायचं. फक्त 'कळवते'."

"मला गप्प बसायला सांगताय म्हणजे फारच मोठा खटला दिसतोय," वहिनी म्हणाली. आणि रस्त्यानं जाताना म्हणाली, "खरं सांगू का वन्सं, तुम्ही जरा हसून बोलत जा. दारात उभ्या राहता त्या वसुलीला आल्यासारख्या."

वहिनी मनाची वाईट नव्हती. तिला खरंच तसं वाटायचं.

घर गल्लीच्या टोकाला होतं. तळमजला मोकळा, मालक वर राहायचा. म्हातारा स्वच्छ कपड्यातला, चष्मा गळ्यात लटकवलेला, बोलायला मऊ. त्यानं आडनाव विचारायच्या आधी घर दाखवलं, तिथंच सगळं बिनसलं, कारण मोठीला घर आवडलं. दाराला पायरी नव्हती. न्हाणीघर झोपायच्या खोलीला लागून होतं आणि त्यालाही उंबरा नव्हता. आईचे गुडघे गेल्या दोन हिवाळ्यांत पार गेले होते. खिडकीतून गल्ली दिसत होती, दवाखान्याच्या बसचा थांबा दिसत होता. तिथं पलंग लावायचा, डोकं भिंतीकडे, म्हणजे आईला उशी टेकवून माणसं बघता येतील. मोठीनं मनातल्या मनात पलंग लावूनही टाकला.

"आणि नाव काय म्हणालात?" म्हाताऱ्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. तो हसला, आणि त्या हसण्यात मोठीला त्याचे दात दिसले. वरचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले. कवळीचे दात असे कुणी करत नाही. एका गिऱ्हाइकानं आपला तरुणपणचा फोटो पाठवून हट्टानं तसे करून मागितले होते, म्हणजे नातवंडांना आपण खरे कसे होतो ते कळेल. लॅबमधले सगळे हसले होते. मोठी हसली नव्हती. तिनं ते मेणात पुन्हा पुन्हा बसवून बघितले होते, तो फोटो दिव्याखाली धरून. तिला त्या कामाचा अभिमान होता.

"अरेरे," तिनं घडवलेल्या दातांतून म्हातारा म्हणाला. "सकाळीच एकाला शब्द दिला बघा. वय झालं, लक्षातच राहत नाही." आणि वरून पाण्याचा पेला घेऊन आला. "घ्या. उन्हातून आलात."

मोठी पाणी प्यायली. तोंडात रागाचा कडवटपणा होता तो पाण्याबरोबर गिळला. वाद घालायचा नाही, गयावया करायची नाही. आभार मानायचे की नाहीत, हे वकीलबाईंनी सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं आभार मानले.

समोरच्या लाँड्रीच्या सावलीत ती उभी राहिली आणि वहिनी आत गेली. पाच मिनिटं पुरली असती. वहिनी बाहेर यायचं नाव घेईना. शेवटी आली ती तोंड लालबुंद, मोठीकडे न बघता भराभरा कोपरा ओलांडून गेली. मोठी मागोमाग धावली. वहिनीनं मूठ उघडली. मुठीत किल्ली होती.

"घेतलं," वहिनी म्हणाली.

"काय घेतलंस?"

"घर! घर घेतलं, वन्सं!"

"अगं, तू 'कळवते' म्हणायचं होतंस ना!"

"म्हणणार होते. जिभेवर होतं." नियम केव्हाच गल्लीत सांडला होता. "तो मला म्हणाला, मघाशी एक पुलापलीकडची आली होती. बोलायला बरी होती, पण आज एक येते आणि उद्या दहा येऊन बसतात. त्यांचा गोंगाट, त्यांचा वास. पाणी पाजलं आणि वाटेला लावलं, म्हणाला. आणि तो पेला... तो पेला त्यानं खिडकीत उपडा घालून वेगळा ठेवला होता. मला दाखवला. बाईला घासायला सांगायचा आहे, म्हणाला, आणि हसला. माझ्याकडे बघून हसला, वन्सं, मी त्याच्यातलीच असल्यासारखा! मग माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आईंना घर हवंय ना? मग माझ्या नावावर घेते, आणि आई राहतील ह्याच्या उरावर, आणि ह्याच्या झाडून सगळ्या पेल्यांतून पाणी पितील!"

मोठीला रडू आलं आणि हसूही आलं. वहिनीनं तिला रस्त्यातच मिठी मारली. किल्ली दोघींच्या मध्ये टोचत होती.

वकीलबाईंनी ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"इतका स्पष्ट पुरावा मला आजवर मिळाला नव्हता," त्या म्हणाल्या. "तो माणूस स्वतःच्या तोंडानं सगळं बोलला. पण आता घर तुमच्याच घरात गेलं. त्याचा वकील विचारेल, नाकारलं कुठं? राहताहेत की. वर म्हणेल, खोटं बोलून घेतलं. ज्याचं नुकसान झालं त्यालाच तक्रार करता येते, बाई. घर मिळालं की तक्रार संपली."

"आणि किल्ली परत केली तर?" मोठीनं विचारलं.

"तर तक्रार उभी राहील. जरा लंगडत, पण राहील. इथली कोर्टं, मग वरची कोर्टं, मग समिती. त्यात वर्षं जातात. तोवर तुमच्या आई..." वकीलबाई थांबल्या. "घर ठेवलंत तर मी दोष देणार नाही. माझी आई असती तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही."

घर न ठेवावं तर पुलापलीकडं मावसभावाची माडी होती. तिचा जिना शिडीसारखा उभा. दवाखाना अलीकडं, लॅब अलीकडं, आणि संध्याकाळनंतर बस पूल ओलांडत नसे. ज्या पुलावरून बाबांनी एका पेटीसकट कुटुंब अलीकडं आणलं होतं, त्याच पुलावरून परत जायचं.

आईला मात्र कसलीच शंका नव्हती. "पायरी नाही? मुळीच नाही?" तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. वहिनीनं सगळी योजना तयारच ठेवली होती. दारावर पाटी वहिनीच्या माहेरच्या आडनावाची. आई म्हणजे वहिनीची मावशी, गावाकडून आलेली. मोठी म्हणजे मावसबहीण. ती मागच्या बोळातून ये-जा करेल, म्हणजे म्हाताऱ्याच्या समोर यायचं नाही. दारात, खिडकीत घरची बोली बोलायची नाही. आणि आई, जरा आवाज खाली.

हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं. आईचा आवाज असा, की तिनं खिडकीतून मोठीला हाक मारली तर थांब्यावरची निम्मी माणसं मागं वळून बघायची. बाबा म्हणायचे, हिला बोटीवर भोंगा म्हणून ठेवलं असतं.

"जमेल की," आई म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा एकदा आडनाव बदललंच ना. दुसऱ्यांदा काय जड आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीला जाग आली ती स्वयंपाकघरातल्या कुजबुजीनं. कुणी पाहुणा आलाय की काय, म्हणून ती उठून दाराशी गेली. आई चहाच्या आधणासमोर एकटीच उभी होती. पाठ ताठ, हात पोटाशी जुळवलेले, शाळेत बाईंनी उभं केलं की मूल उभं राहतं तशी. आणि हलक्या आवाजात म्हणत होती, "मी तिची मावशी. गावाकडून आलेय." मग वहिनीच्या माहेरचं आडनाव. मग पुन्हा पहिल्यापासून.

तिला मोठीची चाहूल लागली. वळून तिनं हसून विचारलं, "बरोबर झालं का गं? की अजून हळू म्हणू?"

मोठीला म्हाताऱ्याचा राग आला, वहिनीचा आला, त्या सज्जन न्यायाधीशाचा आला, स्वतःचा तर फारच आला. आईचा मात्र येईना. जिनं आयुष्यात कुणापुढं आवाज खाली केला नाही, ती सत्तरीत अजून हळू कसं बोलायचं ते विचारत होती, आणि तेही आनंदानं, पायरी नसलेल्या न्हाणीघरासाठी.

"आई, आपण किल्ली परत करू," ती म्हणाली.

आईनं गॅस बंद केला.

वहिनी आली, आणि तिनं मात्र आकाशपाताळ एक केलं. "तत्त्वं काय उशाला घेऊन झोपणार आहेस?" ती एकदम तू-तू वर आली, लॅबमधल्या जुन्या दिवसांसारखी. "त्या उभ्या जिन्यावरून आईंना कोण चढवणार? तुझी समिती येणार आहे परदेशातून, त्यांचा हात धरायला? मी बापाशी भांडेन, तुला वाटेल ते करेन, पण हाताला आलेलं घर सोडू नकोस गं!"

"तिचं बरोबर आहे," आई मोठीला म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुझंही." आणि चप्पल शोधायला लागली. "निदान मला एकदा बाहेरून बघू दे."

तिघी गेल्या. आई आणि वहिनी लाँड्रीशी थांबल्या. मोठीनं बेल वाजवली.

"मी काल आले होते," ती दार उघडलेल्या म्हाताऱ्याला म्हणाली. "ज्यांनी घर घेतलं, त्या माझ्या वहिनी. घर मला हवं होतं, माझ्या आईसाठी."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं गल्लीत इकडंतिकडं बघितलं आणि तिला घाईनं तळमजल्याच्या खोलीत घेतलं. आत आल्यावर तो खुर्चीतच बसला.

"मी वाईट माणूस नाही हो," तो म्हणाला. "माझ्या तोंडाकडं बघा, मी काय तसा दिसतो? पण शेजारी बोलतात. सून बोलते. मला या गल्लीत राहायचंय." मग पुढं झुकून, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं तो म्हणाला, "असं करू. वहिनींच्या नावावर आहे ना, ते तसंच राहू द्या. रहा तुम्ही. म्हाताऱ्या बाईला मी घराबाहेर काढणार नाही. मीही कुणाला बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. झालं!"

मोठीच्या ओठांवर "बरं" आलं होतं, हे सांगायलाच हवं. खिडकी तिच्या डाव्या हाताला होती. त्या खिडकीबाहेर, समोर, आई वहिनीच्या खांद्यावर हात टाकून एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेत होती.

"आणि दारावर आमचं आडनाव लावलं तर?" तिनं विचारलं.

म्हातारा हसला. लहान मुलानं चंद्र मागितल्यावर हसतात तसं, जरा मायेनंच. "कशाला उगाच? घर मिळतंय ना?"

मोठीनं किल्ली टेबलावर ठेवली. दातांबद्दल ती काही बोलली नाही. ते तिचं काम होतं आणि चांगलं झालं होतं.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "हीच का खिडकी?"

"हीच."

"छान आहे," आई म्हणाली. "पलंग मावला असता."

तिथून त्या सरळ वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाईंनी टेबलावर आवाज टिपायचं छोटं यंत्र ठेवलं. हे कोर्टातही ऐकवलं जाईल आणि वेळ आली तर समितीपुढंही जाईल, असं त्यांनी सांगितलं. आधी वहिनी बोलली. उपड्या पेल्यापाशी येऊन ती हुंदके द्यायला लागली, तिला पाणी द्यावं लागलं. मग मोठी बोलली, सगळं क्रमानं, अगदी ओठांवर आलेल्या "बरं" सकट. शेवटी वकीलबाईंनी यंत्र आईपुढं ठेवलं, कारण त्या घरात राहायचं होतं ते आईला.

"आधी नाव सांगा, आजी. पूर्ण नाव."

आई खुर्चीत ताठ झाली. हात पोटाशी जुळवले. आणि हलक्या, मवाळ आवाजात, एकदाही न अडखळता म्हणाली, की ती वहिनीची मावशी, गावाकडून आलेली, आणि पुढं वहिनीच्या माहेरचं आडनाव.

यंत्राचा लाल दिवा चालूच होता. वहिनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आईनं आधी वकीलबाईंकडं बघितलं, मग लेकीकडं, आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं.

"पुसा ते," ती म्हणाली. "पुसा. पुन्हा विचारा."

वकीलबाईंनी पुन्हा विचारलं. या वेळी आईनं आपलंच नाव सांगितलं, पण इतक्या हळू, की यंत्र तिच्या तोंडाजवळ सरकवावं लागलं.